छातीचा फोटो

आमच्या घरात ग्रहण पाळत नाहीत. नुसतं पाळत नाहीत एवढंच नाही, न पाळण्याची जंगी तयारी असते. माझ्या आजेसासऱ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि गावी परतल्यावर जे पहिलं ग्रहण आलं, त्या ग्रहणात भर अंगणात चूल मांडून उडदाचे वडे तळले. ही गोष्ट लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात मी इतक्यांदा ऐकली की ते वडे मीच तळले असं वाटायला लागलं. तेव्हापासून रीतच पडली. ग्रहण लागलं की आमच्या घरच्यांनी अंगणात बसायचं, चिरायचं, शिजवायचं, खायचं. आणि घरात कोणी पोटुशी असली तर विळीवर तिनं बसायचं, तेही रस्त्याकडे तोंड करून. गावाला दिसलं पाहिजे ना!

माझ्यावर ती वेळ आली दिवाळीच्या पाठोपाठ. तिसरा महिना लागलेला, फोडणीचा वास आला तरी मळमळायचं, आणि बाबा बाजारातून पिशवीभर वांगी घेऊन आले. बाबा म्हणजे माझे सासरे, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. संध्याकाळ होत आलेली, धानाच्या कापणीवरून बायका परतत होत्या, सूर्य खाली उतरलेला आणि त्याचा एक लचका तुटलेला. पलीकडच्या आळीतली एक म्हातारी कुंपणाशी थांबली आणि मला म्हणाली, "काय व, लेकराचा ओठ फाटंल ना!" बाबा खाटेवरून उठलेच. "काकू, तुमच्या पोराच्या वेळी तर तुम्ही खोलीत कोंडून होत्या. मंग त्याची अक्कल कोणत्या ग्रहणानं खाल्ली?" गल्लीभर हशा. म्हातारी पुटपुटत गेली. मी वांगी चिरत हसत होते.

खरं सांगते, त्या दिवशी मला बाबांचा फार अभिमान वाटला. आमच्या माहेरीही दीक्षा झालेली, पण आई ग्रहण गुपचूप पाळायचीच. देव गेले, भीती राहिली, असा तिचा हिशोब. आणि इथं हा माणूस सूर्य-चंद्राची चित्रं काढून मला समजावत होता की बाई, ते दोघे आपापल्या कामाले लागून आहेत, तुझ्या लेकराशी त्याईले काही घेणं-देणं नाही. रविवारी विहारात वंदना झाली की ते मुलांना जमवून असंच शिकवायचे. कोणाला साप चावला तरी मांत्रिकाआधी लोक आमच्या दारात यायचे, कारण बाबा शिव्या देऊन का होईना, पण थेट दवाखान्यात नेऊन पोचवायचे. असा माणूस घरात असला की आपण निवांत असतो. आपल्यासाठी विचार करणारं कोणीतरी आहे, मग आपण कशाला डोकं शिणवायचं.

थंडी पडली आणि मला खोकला लागला. आधी वाटलं, धानाची धूळ गेली असेल नाकातोंडात. पण मळणी संपली, खोकला काही संपेना. सांजेला अंग कोमट व्हायचं. पोटुशी बाई अंगानं भरते म्हणतात, माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. माझा नवरा नागझिऱ्याला पर्यटकांची जिप्सी चालवतो, जंगल उघडं असलं की आठवड्यातून एकदा घरी. तो एका खेपेला आला आणि मला पाहून म्हणाला, "तू खाऊन राहिली का नाही?" मी त्याच्यावरच डाफरले. खाते तर काय, ताटातलं कुत्र्याला घालते का?

बाबाच मला तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई वयानं माझ्याएवढ्याच, बोलायला एकदम सडेतोड. थुंकी तपासली, त्यात काही सापडलं नाही. मग त्यांनी पाठीला नळी लावली, इकडून ऐकलं, तिकडून ऐकलं, पुन्हा इकडून ऐकलं. म्हणाल्या, "उजव्या बाजूला श्वास कमी ऐकू येतो. टीबीची शंका आहे मला. छातीचा फोटो काढावा लागेल, त्याशिवाय कळणार नाही. गोंदियाला जाऊन काढून आणा."

"पण ती गरोदर आहे," बाबा म्हणाले.

"मला दिसतंय ना, बाबा. छातीच्या फोटोनं पोटातल्या बाळाला काही होत नाही. किरणं छातीवर सोडतात, पोटावर नाही. इकडून तिकडून जे पोचतं ते इतकं थोडं की घरी बसल्या बसल्या एखाद-दोन दिवसांत जमिनीतून, आभाळातून आपल्या अंगाला जेवढं लागतं, त्याहून जास्त नाही. टीबी असला आणि औषध सुरू झालं नाही, तर मात्र हिला आणि बाळाला, दोघांनाही धोका आहे."

इतकं स्वच्छ सांगितलं त्यांनी. आता कोणी मला म्हणालं की खेड्यात डॉक्टर नीट समजावत नाहीत, तर मी गप्प बसते. आम्हाला समजावलं होतं. आमच्याच भाषेत, फोड करून करून समजावलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून जुनी पुस्तकं काढली, आणि जेवणं झाल्यावर मला समोर बसवून कागदावर गोल काढला. ही पेशी. या गोलाचे दोन होतात, दोनाचे चार. लेकरू असंच वाढते. अन् किरण असा आरपार जाते. मंग या गोलाचं काय होईल, तूच सांग. जपानात बॉम्ब पडला तेव्हा काय झालं, तेही सांगितलं. तीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस, पेन्सिल हातात आली की त्याच्या तोंडून काहीही पटतं. माझा हात आपोआप पोटावर गेला.

सासूबाई, त्यांना आम्ही सगळे माय म्हणतो, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीण सांगते तर काढून घ्या ना एकडाव."

"तुले काय समजते त्यातलं?" बाबा म्हणाले. माय आत गेल्या. भांडी जरा जास्तच आपटली त्यांनी.

तरी आम्ही गोंदियाला गेलो, हे सांगायला पाहिजे. बाबा आडमुठे नव्हते. खोकला वाढला तसे ते स्वतःच म्हणाले, चाल, जाऊन तर पाहू. बल्लारशा पॅसेंजरनं गेलो. फोटो काढायच्या जागी बाहेर एक बाक होता, आमच्या आधी दोन-चार जण बसलेले. गोंदियाचा सगळा कारभार हिंदीत, भिंतीवरची पाटीही हिंदीतच: गर्भवती महिलाएँ एक्स-रे से पहले अवश्य बताएँ. खाली लाल रंगात पंख्यासारखी ती तीन पात्यांची खूण.

बाबांनी पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "पाहा," मला म्हणाले, "यायनं स्वतःच लिहून ठेवलं आहे. धोका नसता तर लिहिलं असतं का?"

आता वाटतं, अहो, त्या पाटीवर 'सांगा' असं लिहिलं होतं, 'परत जा' असं कुठं लिहिलं होतं? सांगितलं असतं तर ते काळजी घेणार होते, पोटावर जाड कापड टाकणार होते, आणि फोटो काढून देणार होते. सांगायची पाटी ती. पण बाबांना त्यात धोक्याची घंटा दिसली, आणि मला बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते दिसलं. आतून एक माणूस माझं नाव पुकारत होता. दोनदा पुकारलं. मी बाबांकडे पाहिलं. ते उठले, माझी पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "चाल बाई."

बाहेर येऊन त्यांनी मला कचोरी खाऊ घातली, संत्री घेऊन दिली, स्टेशनच्या पायऱ्या चढताना हात धरला. लेकीचा धरावा तसा. आपण मोठ्या संकटातून सुटलो असं दोघांनाही वाटत होतं. गाडीत मी संत्री सोलून त्यांना दिली आणि ते खिडकीबाहेरची तळी दाखवत राहिले, या तळ्यात सिंगाडा चांगला होते, त्या तळ्यात मासे. मला इतकं बरं वाटत होतं की खोकल्याची उबळ आली तरी मी तोंडावर पदर धरून हसत होते.

त्यानंतर त्यांनी माझी जी बडदास्त ठेवली, ती सख्ख्या बापानंही ठेवली नसती. अडुळशाचा काढा, हळदीचं दूध, सकाळ-संध्याकाळ वाफ. तळ्यावर जाऊन मुरेल मासा आणायचे, पोटुशीला ताकद येते म्हणून. तालुक्यातल्या दुसऱ्या एका डॉक्टरकडे नेलं, पण आत जाण्याआधीच सांगितलं की फोटो काढायचा नाही, बाकी काय द्यायचं ते द्या. त्यानं खोकल्याच्या बाटल्या दिल्या. बाटली संपली की दुसरी. डॉक्टरीणबाईंचा फोन यायचा, फोटो काढला का? बाबा सांगायचे, आता आराम आहे. आराम कसला, डोंबलाचा! मी उजव्या कुशीवर झोपू शकत नव्हते, नंतर कोणत्याच कुशीवर झोपू शकेना, भिंतीला उशी लावून बसून राहायची.

मोहफुलं पडायला लागली होती. एका दुपारी मी न्हाणीतून बाहेर आले आणि उंबरठ्यावरच थांबले. श्वास आत जाईना. तळ्यातून काढलेल्या माशासारखं तोंड उघडत होते. मायनं बोंब ठोकली, शेजारच्या पोरानं गाडी काढली, आणि आम्ही गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो. आठवा महिना नुकताच लागत होता.

तिथं कोणी कागदावर पेशी काढून दाखवली नाही. पोटावर जड कापड टाकलं, छाती पाटीला टेकवायला लावली. "साँस रोको." मला रोखायला श्वास होता कुठं! खट् आवाज झाला. "हो गया."

झालं? मी त्या बाईला विचारलं, झालं? ती म्हणाली, हो गया ना. बस. आणि मी तिथंच, ते कापड अंगावर असतानाच, हंबरडा फोडून रडले. तिला वाटलं बाळाच्या काळजीनं रडते. ती मला धीर देत होती, कुछ नहीं होता दीदी, बच्चे को कुछ नहीं होता.

उजव्या फुप्फुसाभोवती पाणी भरलं होतं. सुई घालून काढलं, पिवळं पिवळं, बाटलीभर. टीबीच होता. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की या गोळ्या गरोदरपणात चालतात, आणि या आधीच सुरू व्हायला पाहिजे होत्या. मला श्वास यायला लागला होता. पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला मी त्या दवाखान्यात. आणि दोनच दिवसांनी पोटात कळा सुरू झाल्या.

मुलगी झाली. एवढीशी. ओंजळीत मावेल अशी. ओठ अगदी शाबूत होते, रेखीव. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मला टीबी म्हणून माझ्या तोंडाला मास्क बांधला आणि दुरून पाहू दिलं. माझा नवरा जंगल सोडून आला, पेटीसमोर उभा राहायचा. बाबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायचे, वर येत नव्हते. आठवडाभर ती श्वास घेत राहिली. लहानशा छातीचं ते वर-खाली मला काचेतून दिसायचं, आणि मी माझा श्वास तिच्या श्वासाबरोबर घ्यायची, वेडीसारखी. मग एका सकाळी नर्स आली आणि माझ्या खांद्यावर तिनं हात ठेवला.

मी डॉक्टरांना विचारलं. लवकर औषध मिळालं असतं तर वाचली असती का? ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, नक्की कोणीच सांगू शकत नाही. आईचं शरीर इतकं थकलं की बाळ लवकर येतं, लहान येतं, एवढं आम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, आणि फोटोनं? ते म्हणाले, फोटोनं काही झालं नाही, फोटो महिन्या-दोन महिन्यांआधी निघाला असता तर बरं होतं. आणि बाबा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी ऐकलं.

गावात काय बोलले असतील, ते सांगायला नको. अंगणात वांगी चिरली ना ग्रहणात, भोगा आता! जे शहाणे होते ते म्हणाले, फोटो काढला पोटुशी असताना, मंग काय होईल? दोन्हीकडून आम्हालाच. बाबांना एक सोपी वाट होती. फोटोवर ढकलून मोकळं होता आलं असतं, पाहा मी सांगत होतो म्हणून. गावानं मानलंही असतं. त्यांनी नाही ढकललं. एवढं मी त्यांच्या बाजूनं बोलेन, कायम बोलेन. पण त्यांनी विहारातला रविवारचा वर्ग बंद केला. मुलं दारात यायची, तर म्हणायचे, शाळेतल्या मास्तरले विचारा.

मी बरी झाले. गोळ्या सगळ्या घेतल्या, एकही चुकवली नाही. बांगड्या पुन्हा हातात बसायला लागल्या. दुसरं लेकरू अजून नाही, होईल तेव्हा होईल. बाबांशी मी बोलत होते, चहा देत होते, जेवण वाढत होते. पण त्या बाकावरचा दिवस आम्ही दोघांनी असा बाजूला ठेवला होता की त्याच्या जवळूनही जायचो नाही. राग नव्हता का? होता हो. ते तव्यावरची भाकर आवडीनं खायचे तेव्हा यायचा, छाती भरून श्वास घेताना पाहिलं तरी यायचा. आणि लगेच माझीच मला लाज वाटायची, कारण माझ्या उशाशी अडुळशाचा काढा घेऊन बसलेला माणूसही हाच.

मागच्या महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतली सून सायकलवरून पडली. पाचवा महिना तिला. पोटाला काही लागलं नाही, पण मनगट टम्म सुजलं. डॉक्टरांनी हाताचा फोटो काढायला सांगितला, तर घरचे सगळे घाबरले आणि तिला घेऊन आमच्याकडे आले. सवय जुनी, अडलं की मास्तरच्या दारात. तिचा सासरा म्हणाला, "गुरुजी, काढू का नको?"

बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी मला हाक मारली. "हिले विचारा," म्हणाले.

मी हात पुसत बाहेर आले. त्या पोरीला म्हटलं, "जा. आधी सांग त्यांना की मी पोटुशी आहे. सांगायला लाजायचं नाही. ते काळजी घेतात. आणि मग काढ. हात वाकडा जुळला तर लेकराला उचलशील कशानं?" ती हसली. तिचा सासरा म्हणाला, "पक्कं ना?" मी म्हटलं, "पक्कं. पाहिजे तर आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारा, त्या सांगतील, अन् त्या सांगतील ते ऐका." गेले ते. तसेच दुपारच्या गाडीनं निघाले असं नंतर कळलं.

मी आत वळले, तेवढ्यात बाबा म्हणाले, "बस जराशी."

मी ओसरीच्या कडेला बसले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, रस्त्याकडे पाहत होते.

"त्या दिवशी गोंदियाले," ते म्हणाले, "तुझं नाव पुकारलं तेव्हा तुले आत जायचं होतं ना?"

खोटं बोलता आलं असतं. म्हातारा माणूस, काय राहिलं आता त्याचं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "हाव."

"मंग गेली काऊन नाही?"

"तुमचा भरोसा होता ना, बाबा," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे असं वाटलं. तुम्हाला सगळं माहीत असते."

त्यांनी मान हलवली.

"मले काही माहीत नव्हतं व," ते म्हणाले. "मी भेऊन राहिलो होतो."